सीक्वेन्सिंग जेलवर वाचन दर वेळी त्याच जागी अडते: स्टॉप की कॉम्प्रेशन?

ऑटोरेडिओग्राम, म्हणजे जेलवरच्या किरणोत्सर्गी पट्ट्या उमटलेली फिल्म, खालून वर वाचत नेताना दीडशेएक बेस (डीएनएची अक्षरे) सुरळीत जातात आणि मग एका जागी गाडी अडते. ए, सी, जी, टी या चारही लेनमध्ये एकाच उंचीवर पट्टी दिसते, किंवा जी आणि सी लेनमधल्या पट्ट्या इतक्या खेटून येतात की आधी कोण आणि नंतर कोण ते ठरत नाही. नवे जेल ओतले, नवी रिअॅक्शन लावली, तरी अडचण त्याच बेसपाशी हजर.

अशा वेळी बहुतेक जण एन्झाइम बदलतात, नाहीतर जेलचा व्होल्टेज वाढवतात. यातला एक उपाय लागू पडतो आणि दुसरा वाया जातो, कारण या एका लक्षणामागे दोन वेगळे दोष असतात. पहिला म्हणजे स्टॉप. तो ट्यूबमध्ये घडतो: पॉलिमरेज (नवी साखळी बांधणारा एन्झाइम) डायडीऑक्सी (साखळी तिथेच संपवणारा घटक) न जोडताच साखळी अर्धवट सोडतो, म्हणून त्या लांबीचे तुकडे चारही ट्यूबमध्ये सापडतात. दुसरा म्हणजे कॉम्प्रेशन. तो जेलमध्ये घडतो: तुकडे बरोबर बनलेले असतात, पण त्यांतले काही स्वतःवरच दुमडून हेअरपिन बनवतात आणि आपल्या लांबीला शोभणार नाही इतक्या वेगाने खाली धावतात. जेलची कितीही खटपट केली तरी स्टॉप जात नाही, आणि एन्झाइम कितीही चांगला आणला तरी कॉम्प्रेशन हटत नाही.

इथली सगळी चर्चा हाताने करायच्या डायडीऑक्सी पद्धतीबद्दल आहे. सँगर, निकलेन आणि कोल्सन यांनी ती १९७७ मध्ये मांडली. एम१३ या ई. कोलायच्या विषाणूचा एकपदरी टेम्प्लेट (वाचायचा डीएनए), सल्फर-३५ चे किरणोत्सर्गी लेबल आणि सीक्वेनेज, म्हणजे बदल केलेला टी७ पॉलिमरेज, हे तिचे पुढे रुळलेले रूप. प्रायमर एक्स्टेन्शन आणि फूटप्रिंटिंग या इतर जेल-चाचण्यांच्या शेजारी मोजपट्टी म्हणून अशी लॅडर (क्रमाच्या पट्ट्यांची शिडी) अजूनही चालवतात. जुन्या फिल्म पुन्हा वाचायची वेळ आली, तरी हीच गाठ सोडवावी लागते.

आधी रिअॅक्शन ठरल्या मापात आहे ना

निदानाला बसण्यापूर्वी रिअॅक्शन प्रमाणात आहे याची खात्री हवी. ७ मायक्रोलिटरमध्ये साधारण १ मायक्रोग्रॅम एकपदरी टेम्प्लेट, ०.५ पिकोमोल प्रायमर (नवी साखळी जिथून सुरू होते तो छोटा तुकडा) १ मायक्रोलिटर आणि पाचपट बफर २ मायक्रोलिटर. या पाचपट बफरमध्ये ट्रिस ७.५ पीएचचे २०० मिलिमोलर, मॅग्नेशियम क्लोराइड १०० मिलिमोलर आणि मीठ २५० मिलिमोलर असते. ट्यूब ६५ अंशांवर २ मिनिटे ठेवून अर्ध्या तासात हळूहळू ३५ अंशांखाली येऊ द्यायची. हीटिंग ब्लॉक बंद करून ट्यूब त्यातच राहू दिली तर हे आपोआप होते.

मग त्यात ०.१ मोलर डीटीटी १ मायक्रोलिटर, पाचपट पातळ केलेले लेबलिंग मिश्रण २ मायक्रोलिटर (पातळ केल्यावर डीजीटीपी, डीसीटीपी, डीटीटीपी प्रत्येकी १.५ मायक्रोमोलर), सल्फर-३५ चे लेबल असलेले डीएटीपी ०.५ मायक्रोलिटर म्हणजे ५ मायक्रोक्युरी, आणि आठपट पातळ केलेला एन्झाइम २ मायक्रोलिटर. खोलीच्या तापमानाला २ ते ५ मिनिटे. तोवर चार टर्मिनेशन ट्यूब ३७ अंशांवर गरम होत असाव्यात. प्रत्येकीत २.५ मायक्रोलिटर मिश्रण, त्यात चारही डीएनटीपी (डीएटीपी, डीजीटीपी, डीसीटीपी, डीटीटीपी हे साखळीचे सुटे घटक) प्रत्येकी ८० मायक्रोमोलर आणि त्या त्या लेनचे डायडीऑक्सी ८ मायक्रोमोलर. प्रत्येकीत ३.५ मायक्रोलिटर लेबलिंग रिअॅक्शन टाकायची, ५ मिनिटे थांबायचे, मग ४ मायक्रोलिटर स्टॉप सोल्यूशन: ९५ टक्के फॉर्मामाइड, २० मिलिमोलर ईडीटीए आणि दोन रंग.

खोटे स्टॉप बहुधा यातल्याच दोन ठिकाणी शिरतात. लेबलिंगची पायरी पाच मिनिटांपलीकडे रेंगाळली, किंवा उन्हाळ्यात खोलीच तिशी ओलांडून गेली, की मुळातच थोडे असलेले डीएनटीपी संपतात आणि एन्झाइम जिथे असेल तिथे थबकतो. जेलच्या खालच्या भागात चारही लेनमध्ये डाग दिसतात ते याचेच. उन्हाळ्यात ही पायरी बर्फ घातलेल्या पाण्यात, पण २० अंशांच्या आसपास करावी. दुसरी जागा टर्मिनेशन ट्यूबची. ती गार असताना त्यात रिअॅक्शन टाकली तर एन्झाइम नेमका अवघड जागी मंदावतो.

पातळ केलेला सीक्वेनेज बर्फात तासाभरापेक्षा जास्त ठेवू नये. "सकाळचा उरलाय, संध्याकाळी वापरू" हा हिशेब महागात पडतो.

पट्ट्यांमधले अंतर आधी बघा

कोणत्या लेनमध्ये काय आहे ते नंतर पाहता येईल. आधी अडचणीच्या खालचे दहा आणि वरचे दहा बेस घेऊन लागोपाठच्या पट्ट्यांमधले अंतर मोजपट्टीने मोजा. नीट चाललेल्या जेलमध्ये हे अंतर वर जाताना हळूहळू आणि सारखे कमी होत जाते.

अंतर बिघडले नसेल, नेहमीच्या लयीत पट्ट्या येत असतील आणि फक्त एका पायरीवर चारही लेनमध्ये पट्टी असेल, तर तो स्टॉप. त्याच्या वरच्या सगळ्या पट्ट्या फिकट झाल्या असतील तर शंकाच नको, कारण बऱ्याच साखळ्या त्या पायरीवरच संपल्या आहेत. उलट तीन ते सहा पट्ट्या दाटीवाटीने येतात, दोन-दोन एकाच उंचीवर बसतात आणि लगेच वर अंतर नेहमीपेक्षा मोकळे होते, असे दिसले की ते कॉम्प्रेशन. त्यात वरच्या पट्ट्यांचा काळेपणा कमी होत नाही, कारण एकही साखळी हरवलेली नसते. दाटीत बहुधा जी आणि सीच असतात. ए-टीचे हेअरपिन सात मोलर युरिया आणि पन्नास अंशांपुढे टिकत नाहीत.

दोन्ही एकाच जागेमुळे होतात तेव्हा खरी पंचाईत. मजबूत हेअरपिन टेम्प्लेटमध्ये असला तर एन्झाइमला अडवतो, आणि तोच नव्या साखळीत उतरला की जेलमध्ये दुमडतो. पण दोन खुणा जेलवर एका उंचीवर येत नाहीत. समजा खालून वर वाचताना क्रम असा आहे: जीजीसीजीसी, मग टीटीटीटी, मग जीसीजीसीसी. एन्झाइम टेम्प्लेटमधल्या दुमडीपाशी पोचतो तो पहिल्या जीजीसीजीसीच्या तोंडाशी, म्हणून स्टॉप तिथे, म्हणजे खाली. नव्या साखळीत मात्र दुमड पडायला दुसरी बाजूही तयार व्हावी लागते. ती टीटीटीटी ओलांडल्यावरच तयार होऊ लागते, म्हणून दाटी वरच्या जीसीजीसीसीत. खाली चार लेनची पट्टी आणि आठ-दहा बेस वर दाटी असे दृश्य दिसले, तर दोन अडचणी समजू नका. हेअरपिन एकच आहे.

यातूनच सगळ्यात भरवशाची चाचणी निघते. समोरचा पदर (डीएनएची जोडीची साखळी) वाचा. त्यावर हाच भाग जीजीसीजीसी, एएएए, जीसीजीसीसी असा येतो आणि दाटी पुन्हा शेवटच्या पाच बेसमध्ये पडते. पण हे शेवटचे पाच म्हणजे पहिल्या पदरावरचे सुरुवातीचे पाच, जे तिथे स्वच्छ वाचले गेले होते. एका पदरावर जे दाटते ते दुसऱ्यावर मोकळे असते. म्हणून एम१३एमपी१८ आणि एमपी१९ या एम१३ च्याच दोन रूपांत तोच तुकडा उलटसुलट घालून दोन्ही पदर वाचायची शिस्त पडली. कॉम्प्रेशनमधला बेस एकाच पदरावरून ठरवून जाहीर करणे धोक्याचे आहे. जुन्या प्रकाशित क्रमांत जी-सीच्या भागांत एखादा बेस कमी सापडतो, तो असाच सुटलेला असतो.

हाताशी मॅक्सम-गिल्बर्टची सोय असेल तर आणखी एक पुरावा मिळतो. त्या पद्धतीत पॉलिमरेज नाहीच, आधीच तयार असलेला डीएनए रसायनांनी तोडला जातो. त्यामुळे तिथे स्टॉप पूर्ण नाहीसा होतो आणि कॉम्प्रेशन जसेच्या तसे राहते. मात्र केवळ निदानासाठी डायमिथाइल सल्फेट आणि हायड्रॅझिन बाहेर काढणे आम्हाला पटत नाही. दोन्ही विषारी आहेत, आणि समोरचा पदर वाचून तेच उत्तर मिळते.

स्टॉप निघाला तर

पहिला प्रश्न, तो एका जागी आहे की सगळीकडे? लेनभर बारीक बारीक चार लेनच्या पट्ट्या असतील तर दोष टेम्प्लेटच्या सफाईत आहे. एम१३ च्या तयारीत १.५ मिलिलिटर कल्चरच्या वरच्या द्रवात २०० मायक्रोलिटर पीईजी-मीठ टाकतात, म्हणजे २० टक्के पीईजी (पॉलिएथिलीन ग्लायकॉल) आणि २.५ मोलर मीठ. १५ मिनिटांनी फिरवून वरचा द्रव ओतून देतात. इथेच लोक चुकतात. ट्यूबच्या भिंतीवर पीईजीचे थेंब राहतात. एकदा ओतल्यावर ट्यूब पुन्हा काही सेकंद फिरवावी आणि बारीक टोकाच्या पिपेटने उरलेला थेंबन्‌थेंब काढावा. मग १०० मायक्रोलिटर टीईत विरघळवून फिनॉल, आणि इथॅनॉलच्या गोळीला ७० टक्के इथॅनॉलची धुलाई. फिनॉलचा अंश किंवा मीठ राहिले तरी हेच चित्र दिसते. रिकाम्या एम१३एमपी१८ चा जुना, खात्रीचा टेम्प्लेट शेजारच्या चार लेनमध्ये चालवा. तो स्वच्छ आला तर एन्झाइम आणि मिश्रणे निर्दोष.

प्लाझ्मिडवर (जिवाणूतल्या गोल, दुपदरी डीएनएवर) काम असेल तर अल्कलीची पायरी तपासा. ३ ते ५ मायक्रोग्रॅम डीएनए, ०.२ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड आणि ०.२ मिलिमोलर ईडीटीए, ३७ अंशांवर ३० मिनिटे. मग दशांश आकारमान ३ मोलर सोडियम अॅसिटेट आणि इथॅनॉल. सोडियम हायड्रॉक्साइड जुने असले की ते हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून मऊ पडते आणि पदर नीट सुटत नाहीत. प्लाझ्मिडमध्ये जागोजागी चिरा असतील तर एन्झाइम त्या तुटलेल्या टोकापाशी संपतो आणि चार लेनच्या पट्ट्या पडतात. मिनीप्रेपमधला आरएनए स्वतःच प्रायमरसारखा वागतो आणि पार्श्वभूमी काळी करतो. त्याला आरएनेजखेरीज इलाज नाही.

स्टॉप एकाच जागी असेल आणि टेम्प्लेट नव्याने बनवूनही तिथेच येत असेल, तर टेम्प्लेटची रचनाच अडवते आहे. आम्ही सुरुवात तापमानापासून करतो, कारण त्याला काही खर्च नाही. टर्मिनेशन ३७ ऐवजी ४५ ते ५० अंशांवर करायचे, ट्यूब आधीच तेवढ्या तापवून. क्लेनो (ई. कोलायच्या पॉलिमरेजचा तुकडा) वापरत असाल तर सीक्वेनेजवर या. क्लेनो साखळी फार लवकर सोडतो, आणि त्याच्या पद्धतीत शेवटी चारही डीएनटीपींचा "चेस" ठेवलेला असतो तो याच अर्धवट साखळ्या पुढे नेण्यासाठी. चेस विसरला की ए लेनच्या पट्ट्यांखाली चार लेनच्या पट्ट्या हमखास. लेबल असलेले डीएटीपी फार थोडे असते, त्यामुळे एन्झाइम ए जोडायच्या आधीच थांबतो.

तापमानाने भागले नाही तर टर्मिनल ट्रान्स्फरेज. टर्मिनेशन झाल्यावर, स्टॉप सोल्यूशनच्या आधी, प्रत्येक ट्यूबमध्ये १ मायक्रोलिटर मिश्रण टाका: चारही डीएनटीपी प्रत्येकी १ मिलिमोलर आणि एक-दोन युनिट एन्झाइम. ३७ अंशांवर ३० मिनिटे. अर्धवट साखळीचे ३′ टोक मोकळे असते, त्यावर हा एन्झाइम वाटेल तसे बेस जोडत जातो आणि ती साखळी जेलवर फार वर निघून जाते. डायडीऑक्सीने संपलेल्या साखळीला ३′ हायड्रॉक्सिल नसतो, म्हणून ती जागची हलत नाही. खोट्या पट्ट्या पुसल्या जातात, खऱ्या राहतात. पण हे डागडुजीचे काम आहे. स्टॉपपाशी बहुसंख्य साखळ्या संपत असतील तर पट्टी जाईल, तरी वरचा क्रम फिकटच राहील. तेव्हा टॅकने (उष्णता सोसणाऱ्या पॉलिमरेजने) सायकल सीक्वेन्सिंग करावे. त्यात दर फेरीला ९५ अंशांवर टेम्प्लेट उकलतो आणि ७० अंशांच्या आसपास साखळी वाढते, त्यामुळे बहुतेक हेअरपिन उरतच नाहीत.

टी७ एन्झाइममध्ये एक वेगळाच प्रकार दिसतो. टर्मिनेशन लांबवले की काही ठरावीक पट्ट्या फिकट होत जातात आणि क्रमात भोक पडल्यासारखे वाटते. टाबोर आणि रिचर्डसन यांनी याचे कारण पायरोफॉस्फोरोलिसिस दाखवले: साठलेल्या पायरोफॉस्फेटमुळे रिअॅक्शन उलटी चालते आणि डायडीऑक्सी निघून जाते. यीस्टचे पायरोफॉस्फेटेज एन्झाइमसोबत मिसळले की हे थांबते. डीआयटीपी (डीजीटीपीचा पर्याय, पुढे येतो) वापरताना ते मिसळायलाच हवे.

कॉम्प्रेशन निघाले तर

आधी जेल पुरेसे गरम चालते का ते बघा. सहा टक्क्यांच्या १०० मिलिलिटर जेलसाठी ४२ ग्रॅम युरिया (७ मोलर), ४० टक्के अॅक्रिलामाइडचे ३८:२ द्रावण १५ मिलिलिटर, दहापट टीबीई (ट्रिस-बोरेट-ईडीटीए बफर) १० मिलिलिटर, बाकी पाणी. गाळून घेतल्यावर ताजे १० टक्के अमोनियम परसल्फेट ०.५ ते १ मिलिलिटर आणि टेमेड ५० मायक्रोलिटर. ०.४ मिलिमीटर जाडीच्या २० × ४० सेंटीमीटर जेलला याच्या निम्मे पुष्कळ झाले. (अॅक्रिलामाइडची भुकटी तोलताना मास्क आणि हातमोजे, मज्जातंतूंना अपायकारक आहे.) अर्धा तास प्री-रन करून काचेचे तापमान ५० ते ५५ अंश झाल्यावरच नमुने भरावेत. व्होल्टेज स्थिर ठेवण्यापेक्षा वॅट स्थिर ठेवावेत, या मापाला साधारण ३५ ते ४०. मागे अॅल्युमिनियमची पाटी लावली की उष्णता सारखी पसरते. ६५ च्या पुढे काच तडकते. नमुने ७५ ते ८० अंशांवर २ मिनिटे तापवून लगेच भरा. तापवून टेबलावर पाच मिनिटे ठेवले तर हेअरपिन पुन्हा जमतात.

हे सगळे नीट असूनही दाटी राहिली तर डीजीटीपी बदलायचे. दोन पर्याय आहेत.

७-डीअॅझा-डीजीटीपी जशाच्या तशा प्रमाणात चालते. त्यात ग्वानिनच्या ७ क्रमांकाच्या नायट्रोजनच्या जागी कार्बन आहे, त्यामुळे हूगस्टीन प्रकारचे बंध बनत नाहीत आणि दुमड ढिली पडते. एन्झाइमला ते फारसे खुपत नाही, म्हणून नेहमीच्या मिश्रणातच ते ठेवावे असे आमचे मत. मात्र सीशी असलेले नेहमीचे तीन बंध त्यात शाबूत राहतात, त्यामुळे हट्टी हेअरपिन सुटत नाहीत.

त्यांच्यासाठी डीआयटीपी. आयनोसिन आणि सीमध्ये दोनच बंध, म्हणून दुमड टिकत नाही. पण पॉलिमरेजला आयनोसिन आवडत नाही, आणि मिश्रण नव्याने बेतावे लागते: लेबलिंगमध्ये त्याचे प्रमाण दुप्पट, टर्मिनेशनमध्ये १६० मायक्रोमोलर, आणि जी ट्यूबमध्ये डायडीऑक्सी-जीटीपी ८ वरून १.६ मायक्रोमोलरवर. ते उतरवले नाही तर आयनोसिनशी असमान स्पर्धेत डायडीऑक्सी जिंकते आणि जी लेन वरच्या अर्ध्यात कोरी पडते. नुसते डीजीटीपी काढून तेवढेच डीआयटीपी घालणाऱ्यांची तक्रार नेमकी हीच असते. शिवाय डीआयटीपीमुळे नवे स्टॉप येतात. म्हणून एकच टेम्प्लेट डीजीटीपी आणि डीआयटीपी असा दोन्ही संचांत करून आठ लेन शेजारी शेजारी चालवा. क्रम डीजीटीपीवर वाचा, दाटीपुरते डीआयटीपीकडे बघा.

शेवटचा उपाय फॉर्मामाइडचे जेल. वरच्याच मापात पाण्याऐवजी ४० मिलिलिटर डीआयोनाइज्ड फॉर्मामाइड. युरिया जेमतेम विरघळतो, हलके गरम करावे लागते, आणि गाळून पूर्ण थंड झाल्याशिवाय परसल्फेट घालू नये. जेल जमायला उशीर लागतो, म्हणून टेमेड दुप्पट. चालते सावकाश, तेव्हा वेळ जास्त धरा. नंतर भिजवताना ते फुगते, त्यासाठी १० टक्के अॅसिटिक अॅसिडसोबत मिथेनॉल २० टक्के ठेवा.

दोन्ही नाही, तरीही पट्ट्या बिघडल्या

जेलच्या विहिरींतला (नमुने भरायच्या खाचांतला) युरिया सिरिंजने धुऊन न काढता नमुने भरले तर पट्ट्या वाकड्या आणि जाड येतात. ते कॉम्प्रेशन नव्हे, कारण बिघाड लेनभर असतो. एन्झाइमसोबत ग्लिसरॉल जास्त गेले तर जेलच्या वरच्या भागात लेन फुगतात आणि आक्रसतात. ग्लिसरॉल बोरेटशी संयोग पावते. एन्झाइम ग्लिसरॉल नसलेल्या बफरमध्ये पातळ करा, किंवा बोरेटऐवजी टॉरिनचा बफर घ्या. एखाद्या बेसपासून वर सगळीकडे दोन-दोन लेनमध्ये पट्ट्या असतील तर ट्यूबमध्ये दोन टेम्प्लेट आहेत. प्लाकमधून (थाळीवर एका विषाणूपासून वाढलेल्या ठिपक्यांतून) पुन्हा एकच निवडून वाढवा.

मॅक्सम-गिल्बर्टच्या फिल्मवर सी लेनमध्ये रिकामी पायरी दिसली आणि आजूबाजूला सीसीएजीजी किंवा सीसीटीजीजी असेल, तर बेस हरवलेला नाही. ई. कोलायच्या डीसीएम एन्झाइमने तिथल्या आतल्या सीवर मिथाइल गट चढवला आहे आणि हायड्रॅझिन त्याला शिवत नाही. डीसीएम नसलेल्या स्ट्रेनमधून प्लाझ्मिड काढले की पट्टी दिसते.

कॅपिलरी यंत्रावर काम करणाऱ्यांनाही हाच पेच येतो. तिथल्या बिगडाय किटमध्ये (रंगीत डायडीऑक्सींच्या तयार मिश्रणात) डीजीटीपीच्या जागी डीआयटीपी असते. त्याने दाटी टळते, पण जी-सीने भरलेल्या भागात सिग्नल अचानक कोसळतो. डीजीटीपीचे वेगळे किट घेतले तर एन्झाइम तो भाग ओलांडतो आणि शिखरे दाटतात. दोन्ही किट मिसळून वापरतात, त्यात नेहमीच्या किटचा वाटा मोठा ठेवतात. आणि तो भाग समोरच्या पदरावरूनही वाचतात.